नवा बेस, जुने ओरखडे: रेलिक फिनिशचे पैसे कशाला मोजायचे?

खर्जातला सा (मूळ धागा)

१९९५ च्या जानेवारीत नॅमच्या (वाद्यांच्या व्यापारी) प्रदर्शनात फेंडर या गिटार कंपनीच्या कस्टम शॉपने मुद्दाम झिजवलेल्या, म्हणजे 'रेलिक', गिटारी मांडल्या. त्या रंगवून 'म्हाताऱ्या' करण्याचं काम सुरुवातीची काही वर्षं मिझुरीतल्या व्हिन्स क्युनेटो यांच्याकडे होतं. २००९ मध्ये मेक्सिकोत बनणारी रोड वॉर्न मालिका आली आणि पन्नासच्या दशकातल्या धाटणीचा प्रिसिजन आणि साठच्या दशकातल्या धाटणीचा जॅझ हे फेंडरचे बेसही तयार पोपडे घेऊनच खोक्यातून निघू लागले.

माझी तक्रार खोटेपणाबद्दल नाही, नकलेच्या दर्जाबद्दल आहे. बहुतेक रेलिक बेसवर साध्या गिटारच्या झिजेचा नकाशा वापरलेला असतो. बेस वेगळा झिजतो. उजवा हात वरच्या कडेवर टेकतो, तिथला रंग आधी पातळ होतो. अंगठा पिकअपवर (तारांखालच्या, आवाज उचलणाऱ्या चुंबकी भागावर) टेकतो, म्हणून प्रिसिजनवर 'ई' या सर्वांत जाड तारेच्या बाजूचं पिकअपचं कव्हर गुळगुळीत होतं. स्लॅप (तारा अंगठ्याने आपटून, बोटाने ओढून) वाजवणाऱ्याच्या बेसवर 'जी' या सर्वांत बारीक तारेखाली, मानेच्या शेवटाजवळ नखांचे चरे पडतात. मागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, आणि खाली स्ट्रॅपच्या बटणापाशी कोपऱ्यात उभा करून ठेवल्याचे ठोके. बाकी अंग बहुधा शाबूत असतं.

आणि ब्रिजवरचं (तारा अंगाला टेकतात त्या पट्टीवरचं) क्रोमचं झाकण! पन्नास-साठच्या दशकात ते कारखान्यातूनच बसवून यायचं. झाकण जागेवर आणि त्याच्याखालचा रंग मात्र उडालेला असे रेलिक दिसतात. तिथे हात पोचला कसा?

घुमारा

असहमत. (फाटक्या जीन्सची उपमा कृपया कुणी देऊ नका, दर वेळी येते.)

रेलिक घेणारा ओरखड्यांसाठी कमी आणि दोन गोष्टींसाठी जास्त पैसे देतो: पातळ नायट्रो लॅकर आणि मळलेली (वापरून चमक गेलेली) मान. फेंडरने १९६८ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज सोडून जाड पॉलिएस्टर धरलं. पॉलिएस्टर रासायनिक बंधांनी घट्ट होतं, ते झिजत नाही, आपटलं की काचेसारखं टवका उडून जातं. नायट्रो फक्त थिनर उडून सुकतं, वर्षानुवर्षं आकसतं, पिवळं पडतं, हाताने झिजतं. ती मान पहिल्या दिवसापासून हातात सरकते. नव्या चकचकीत मानेवर घामट अंगठा चिकटतो, हे इथल्या दमट हवेत वाजवणाऱ्याला सांगायला नको.

शिवाय काही नकला नेमक्या बेसच्याच असतात. बेसवादक जॅको पास्टोरियसच्या १९६२ च्या फ्रेटलेस (मानेवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, नसलेल्या) जॅझ बेसची कस्टम शॉपने केलेली प्रत घ्या, किंवा रेड हॉट चिली पेपर्सचा बेसवादक फ्लीच्या १९६१ च्या शेल पिंक जॅझवरून केलेलं मॉडेल. तिथे झीज मूळ वाद्यावरून घेतलेली आहे. तुमचा नकाशाचा आक्षेप तिथे लागू होत नाही.

खर्जातला सा

त्या दोन्हीबद्दल मान्य. पण मळलेली मानच हवी असेल तर ते काम घरी वीस मिनिटांचं आहे. तारा काढा. पिकअपवर मास्किंग टेप लावा, विशेषतः स्टील वूल वापरणार असाल तर, कारण त्याची पूड चुंबकांना चिकटते आणि मग निघत नाही. मानेच्या पाठीवर १००० चा वॉटर पेपर किंवा करडा बारीक स्क्रब पॅड, फक्त लांबीच्या दिशेने, पहिल्या फ्रेटपासून हील (मान अंगाला जोडतात तो भाग) सुरू होण्याआधीपर्यंत. चमक गेली की थांबा. पुढे घासत राहिलात तर लाकूड उघडं पडतं, मेपल घामाने राखाडी होतं आणि पावसाळ्यात ओल पिऊन मान हलते, मग दर पंधरा दिवसांनी ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) फिरवत बसा. काही महिन्यांत हाताने पुन्हा चमक येते, तेव्हा पुन्हा दोन हात मारायचे.

वॉटरपेपर

मानेच्या कडा राहिल्या की राव. 'वाजवून वाजवून गुळगुळीत' वाटतं ते निम्मं कडांमुळे. उघड्या (लॅकर नसलेल्या) रोझवूडची कड स्क्रूड्रायव्हरच्या गोल दांड्याने दोन फ्रेटच्या मधे दाबून घासली की गोलावते. लॅकर केलेल्या मेपलवर हे करू नका, लॅकर तडकतं. 'जी' तारेच्या बाजूला तर जपूनच. जॅझचा नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) ३८ मिमी रुंद, तार कडेपासून जेमतेम ३ मिमी आत. कड फार गोलावली, फ्रेटची टोकंही घासली, की व्हायब्रेटो देताना (तार हलवून सूर थरथरवताना) 'जी' तार खाली घसरते. ते दुरुस्त करायला नवे फ्रेट लागतात.

आता अंगाबद्दल. आधी फिनिश कुठलं ते बघा: पिकगार्डखाली (अंगावरच्या प्लॅस्टिकच्या संरक्षक पत्र्याखाली) थिनरचा बोळा लावा. मऊ पडलं तर नायट्रो, ढिम्म राहिलं तर पॉली. पॉलीवर रेलिक करायचा नाद सोडा. कितीही घासा, कडेला जाड पायरी उरते आणि खालचं सीलर (लाकडावरचा पहिला थर) प्लॅस्टिकसारखं चमकतं. खऱ्या झिजेत पायरी नसते. सनबर्स्टमध्ये आधी वरचं क्लिअर जातं, मग काळा-लाल, मग पिवळा, मग लाकूड, प्रत्येक थर हळूहळू विरतो.

तडे पाडायचे तर लॅकर पातळ आणि काही आठवडे सुकलेलं हवं. हवेच्या डस्टरचा डबा उलटा धरला की उणे २५ अंशांच्या आसपासचा द्रव पडतो, लॅकर लाकडापेक्षा झपाट्याने आकसतं आणि चिरतं. जाड असेल तर चिरण्याऐवजी पापुद्रे निघतात. आणि आपल्याकडचं फर्निचरचं एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर लवचीक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतं, ते सहजी तडकत नाही. पावसाळ्यात मारलं तर पांढुरकं धुकंही धरतं. ब्लेडने रेघा मारणाऱ्यांचे तडे एकाच खोलीचे आणि भलतेच सरळ असतात, दुरून ओळखू येतात.

चौथी तार

लोखंडाचं कुणी बोललं नाही. निकेलचा मुलामा असलेले भाग बंद प्लॅस्टिकच्या डब्यात ॲसिडच्या वाफेवर ठेवतात (संडास धुण्याचं हायड्रोक्लोरिक). द्रवाला स्पर्श नाही, फक्त वाफ. हातमोजे, गॉगल, काम उघड्यावर, आणि हत्यारांच्या खोलीत मुळीच नाही, वाफेने सगळ्या पान्यांना गंज चढतो. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, वाळवा, तेलाचा हात फिरवा. सोडा चुकला तर गंज आतून चालूच राहतो आणि सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या) उंचीचे स्क्रू जाम होतात. ट्यूनरचे (तारा पिळायच्या खुंट्यांचे) गिअर डब्यात घालूच नका, फक्त पत्रा.

कोकण-गोव्याकडच्यांना एवढा उपद्व्याप कशाला? खाऱ्या हवेत ब्रिज नुसता उघडा ठेवा.

घुमारा

'झिजलेला बेस जास्त घुमतो' असं अजून कुणी म्हणालं नाही म्हणून आधीच सांगतो: मी ते म्हणत नाहीये. मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमरसनच्या १९६२ च्या प्रिसिजनचा आवाज जुन्या फ्लॅटवाऊंड (गुळगुळीत वेढ्यांच्या) तारांचा आणि त्याच्या एका बोटाचा होता. तारा तुटल्याशिवाय तो बदलत नसे. रेलिक हा स्पर्शाचा मामला आहे. आणि एक सोय अशी की पहिला ओरखडा पडला म्हणून रात्रभर झोप उडत नाही, वाद्य लग्नाच्या ऑर्केस्ट्रालाही बिनधास्त नेता येतं.

लाखेचा डबा

माझा आक्षेप पुनर्विक्रीचा. कस्टम शॉपच्या बेसवर हेडस्टॉकच्या (मानेच्या टोकाच्या) मागे खूण असते. खाजगीत रेलिक केलेल्यावर काहीच नसतं, दोन हात बदलले की तो 'सहासष्टचा जॅझ' होतो. घेण्याआधी पिकगार्ड आणि कंट्रोल प्लेट उघडायला लावा. पॉटवरचा (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावरचा) आकडा वाचा: १३७-६६१२ म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, १९६६ चा १२ वा आठवडा. पॉट मानेवरच्या तारखेपेक्षा नवं असेल तर प्रश्न विचारा. जुनं असेल तर एवढ्यावर विश्वास ठेवू नका, जुने पॉट सुटे विकत मिळतात. सोल्डर पहिल्यांदाच लागलंय का ते बघा. अंधारात अतिनील दिवा धरा, जुनं नायट्रो पिवळट-हिरवं चमकतं, ताजं तसं चमकत नाही.

खर्जातला सा

दिव्याचं बरोबर. त्याच उजेडात ब्रिजच्या झाकणाखालची जागाही बघा. उन्हापासून झाकलेल्या जागी पिवळेपणा कमी हवा. सगळीकडे सारखा पिवळा असेल, तर ते पिवळं टिंट मारलेलं लॅकर आहे.