हेड टू हेड म्हंजे काय बे?

बंडू मामा: काल मॅचच्या आधी टीव्हीवर पट्टी आली, 'हेड टू हेड'. खाली आकडे. डोक्याले डोकं लावतेत का हे?

सोनू: नाही मामा 😂 दोघांची आजवर थेट गाठ किती वेळा पडली अन् कोनं किती मॅचा जिंकल्या, तो हिशोब. वन डे वर्ल्ड कपात २०२३ पर्यंत भारत-पाकिस्तान ८-०.

मोठे काका: अन् सगळ्या वन डे धरल्या तं पाकिस्तान पुढं हाये, ते कामून नाही सांगत?

सोनू: बरोबर. आकडा कशातला ते पहिले पाहा लागते. नुसतं ८-० फॉरवर्ड करनाऱ्यायनं वाचून घ्या.

पिंकी ताई: आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं घ्या ना. २०२५ चा बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप, जॉर्जियातलं बाटुमी, फायनलमध्ये समोर आपलीच कोनेरू हम्पी. क्लासिकलचे, म्हणजे जास्त वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत, मग कमी वेळेचे रॅपिड डाव, त्यातला पहिला बरोबरीत, दुसऱ्यात दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी खेळून जिंकलं. लीगसारखा गुणतक्ता नाही, दोघीच समोरासमोर. अशा थेट लढतीलाही हेड टू हेडच म्हणतात.

बंडू मामा: मंग आपला शंकरपट, बैलजोड्यायची शर्यत?

मोठे काका: घड्याळावरचा असन तं नाही. जोडी एकटीच पयते, सेकंद मोजतेत. झाडीपट्टीत, भंडारा-गोंदियाकडं, दोन जोड्या संगं सुटतेत, धुरकऱ्याचा, म्हंजे जोडी हाकनाऱ्याचा, अर्धा डोळा बाजूच्या जोडीवर. त्याले म्हना.

पिंकी ताई: 'नेक अँड नेक' मात्र वेगळं बरं का. मानेला मान लागून घोडे पळतात, कोण पुढे तेच कळत नाही. हेड टू हेड एकतर्फीही असू शकतं, ८-० वाचलंच ना वर. पेपरवाले दोन्हीला 'काट्याची टक्कर' लिहून मोकळे होतात. मी तरी हेड टू हेडला 'थेट लढत' म्हणीन, नेक अँड नेकला 'अटीतटीची'.

मोठे काका: ग्रामपंचायतीत तिघं उभे असले तं?

पिंकी ताई: तिरंगी. हेड टू हेडला दोघंच लागतात काका.

मोठे काका: म्हंजे एकानं अर्ज मागं घेतला का झालं.

सोनू: कोन घेते, तुमी? 👀

काकू: घेतीनच. कापूस वेचाले मजूर भेटून नाही राह्यले अन् यायले सरपंची पाह्यजे.