७ किलोच्या मर्यादेत १६ दिवसांचा प्रवास : कपडे आणि सामान कसे निवडावे?

पायवाट :

नमस्कार. पुढच्या महिन्यात मी १६ दिवसांच्या प्रवासाला एकटीच निघणार आहे. पहिले ६ दिवस समुद्रकाठच्या उष्ण, दमट शहरात, नंतरचे ८ दिवस साधारण ३५०० मीटर उंचीवरच्या गावांमध्ये पायी हिंडण्यात आणि उरलेले २ दिवस परतीच्या वाटेवर जातील. मध्ये चार विमाने आणि बऱ्याच बसगाड्या बदलायच्या असल्यामुळे सामान विमानाच्या पोटात न टाकता सगळे केबिनमध्येच सोबत ठेवायचे ठरवले आहे, आणि चारही विमानांत केबिनच्या बॅगेला ७ किलोची मर्यादा आहे.

काल सगळे सामान पलंगावर मांडले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. बेरीज ११ किलो २०० ग्रॅम आली. त्यात चाकांची रिकामी बॅग २.९ किलो, कपडे ४.६ किलो, साबण-शाम्पू वगैरे १.२ किलो, चार्जर, पॉवर बँक, टॅब्लेट आणि कॅमेरा मिळून १.९ किलो आणि औषधे, कागदपत्रे, छत्री असे किरकोळ ६०० ग्रॅम आहे. कपड्यांत दोन जीन्स, सात सुती टी-शर्ट, एक जाड स्वेटर, जुना रेनकोट, एक मोठा टॉवेल आणि आतले कपडे आहेत. पायांत घालायच्या बुटांखेरीज सँडलही न्यायचे आहेत, ते मी अजून तोललेले नाहीत.

दोन अगदी वेगळ्या हवामानांसाठी एकाच बॅगेत कपडे कसे बसवावेत, हा माझा मुख्य प्रश्न आहे. अनेक जण मेरिनो (मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक) लोकरीचे टी-शर्ट सुचवतात, परंतु दमट उन्हाळ्यात अंगावर लोकर घालायची ही कल्पनाच मला पटत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांनी कृपया सांगावे.

सडाफटिंग :

आपण सात दिवसांना सात टी-शर्ट असा हिशेब धरलेला दिसतो, आणि बहुतेकांची बॅग तिथेच फुगते. कपडे किती न्यायचे हे प्रवासाच्या दिवसांवर अवलंबून नसते, दोन धुण्यांमध्ये किती दिवस जातात त्यावर ते ठरते. रोज रात्री एक-दोन कपडे धुण्याची तयारी असेल, तर १६ दिवसांना लागतात तेवढेच कपडे ६० दिवसांनाही पुरतात : एक अंगावर, एक दोरीवर आणि एक बॅगेत कोरडा. म्हणून कपडा निवडताना मी वजनाच्याही आधी एवढेच पाहतो की, रात्री नऊला धुतलेला हा कपडा सकाळी सातला अंगात घालता येईल का. जीन्स इथे पहिल्या फटक्यात नापास होते. तिचे पाऊण किलोचे ओझे एकवेळ सोसता येईल, पण धुतल्यावर दुसऱ्या दिवशीही तिचा कमरपट्टा आणि खिशांची आतली बाजू ओलसर राहते, आणि तीच बॅगेत कोंबावी लागली की शेजारच्या कपड्यांनाही कुबट वास लागतो.

कोणता कपडा किती पाणी धरतो, हे घरच्या घरी पाहता येते. मी एकदा माझा सुती टी-शर्ट कोरडा तोलला तेव्हा तो १९० ग्रॅम भरला. धुऊन, हातांनी जमेल तेवढा पिळून पुन्हा तोलला तर ३६० ग्रॅम. पॉलिस्टरचा टी-शर्ट १३० ग्रॅमचा होता, तो पिळल्यावर १९० ग्रॅम झाला. म्हणजे एकाला वाळण्यासाठी १७० ग्रॅम पाणी हवेत सोडायचे होते आणि दुसऱ्याला फक्त ६०. आपल्याकडे काटा आहेच, तर यादीतल्या प्रत्येक कपड्याची अशी एकदा परीक्षा घ्यावी, असे मी सुचवीन.

पिळण्याची एक रीतही सांगतो, कारण दमट हवेत सगळी मदार तिच्यावर असते. धुतलेला कपडा आधी हातांनी दाबून घ्यावा, मग कोरडा टॉवेल जमिनीवर पसरून त्यावर तो सपाट ठेवावा, दोन्हींची मिळून घट्ट सुरळी करावी आणि त्या सुरळीवर गुडघ्याने किंवा टाचेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दाब देत जावे. टॉवेल बरेच पाणी ओढून घेतो आणि कपडा हाताला नुसता थंड लागतो. त्यानंतर तो पंख्याखाली टांगावा. खोलीत वातानुकूलन यंत्र असेल तर उत्तमच, कारण ते हवेतले बाष्पच काढून घेते. बाहेरच्या दमट हवेत रात्रभर टांगलेला कपडा सकाळी होता तितकाच ओला सापडतो, हे मी अनुभवले आहे.

आता डोंगराविषयी. उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे आपल्या गावांत समुद्रकाठापेक्षा २२-२३ अंश कमी तापमान धरून चालावे. त्यासाठी एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा सुटे थर न्यावेत : अंगालगत टी-शर्ट, त्यावर पातळ फ्लीस (पॉलिस्टरच्या मऊ, लवदार कापडाचे उबदार वस्त्र), त्यावर पिसांचे हलके जाकीट आणि वारा किंवा पाऊस असेल तेव्हा सर्वांत बाहेर रेनकोट. चढताना दोन थर काढता येतात, थांबल्यावर पुन्हा घालता येतात. ऊब देते ती पिसांमध्ये कोंडलेली हवा, म्हणून जाकीट घेताना त्यावरचा फिल पॉवरचा आकडा पाहावा. १ औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, पिसे फुलून किती घन इंच जागा व्यापतात, ते हा आकडा सांगतो. ८०० चे जाकीट ५५० च्या जाकिटापेक्षा कमी पिसांत तेवढीच ऊब देते. पिसे भिजली की मात्र गोळा होऊन बसतात, त्यामुळे त्यावर रेनकोट हवाच.

मेरिनोबद्दल आपली शंका रास्त आहे, पण ही लोकर स्वेटरच्या लोकरीसारखी टोचत नाही. तिचे तंतू १७ ते १९ मायक्रॉन इतके बारीक असतात आणि टोचतात ते साधारण ३० मायक्रॉनहून जाड तंतू. दर चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाच्या कापडाचा टी-शर्ट मी भर उन्हाळ्यात घालतो. सलग तीन दिवस घातला तरी त्याला घामाचा वास धरत नाही, हा त्याचा खरा उपयोग.

ओलीसुकी :

वरचा प्रतिसाद बहुतांशी पटला, मेरिनोचा भाग मात्र अर्धाच. वास धरत नाही हे खरे असले तरी ही लोकर पॉलिस्टरइतकी लवकर वाळत नाही. सर्वसाधारण हवेत लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के, कापूस ८ टक्के, नायलॉन ४ टक्के आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी बाष्प धरून ठेवते. म्हणजे आपली रात्री नऊ ते सकाळी सातची परीक्षा लोकर दमट गावात प्रत्येक वेळी उत्तीर्ण होईलच असे नाही. शिवाय १५० ग्रॅमचे कापड नाजूक असते. पाठपिशवीच्या पट्ट्यांखाली आणि कमरेच्या बक्कलजवळ माझ्या टी-शर्टला दुसऱ्याच प्रवासात बारीक भोके पडली. उलट पॉलिस्टर पाणी धरत नसले तरी अंगाचे तेल धरते, आणि त्यावर जीवाणू वाढून असा वास येतो की धुतल्यावरही तो पुरता जात नाही. म्हणून मी समुद्रकाठी पॉलिस्टरचे किंवा नायलॉनचे दोन टी-शर्ट रोज धुऊन वापरते आणि डोंगरात, जिथे पाणी थंड असते व रोज धुणे होत नाही, तिथे मेरिनोचा एक. पायवाटताईंच्या प्रवासाला हीच विभागणी योग्य ठरेल.

पुरुष सदस्य सहसा लिहीत नाहीत अशी एक गोष्ट. सगळे कपडे वाळले तरी स्पोर्ट्स ब्राचे पॅड ओलेच राहतात. पॅड काढता येतील अशी, किंवा बिनपॅडची, पातळ कापडाची घ्यावी. पाळीच्या दिवसांसाठी आपल्याला कप वापरण्याची सवय असेल तर बॅगेतली बरीच जागा वाचते. सवय नसेल तर प्रवासात पहिला प्रयोग करू नये.

आणि तो जुना रेनकोट आजच उलटा करून पाहावा. माझा रेनकोट सहा वर्षे कपाटात घडी करून ठेवलेला होता, बाहेरून अगदी नवा दिसत होता. पहिल्याच पावसात खांदे भिजले आणि आतून पांढरे पापुद्रे सुटून काळ्या टी-शर्टला चिकटले. आतला पॉलियुरेथेनचा लेप हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षे कुजत जातो, कोट वापरा अथवा न वापरा. आतली बाजू चिकट लागत असेल किंवा शिवणींवरची पट्टी सुटत असेल, तर तो कोट डोंगरात नेऊ नये. दमट शहरात मात्र चांगल्यातला चांगला रेनकोटही आतून घामाने भिजवतो, कारण बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असल्यामुळे आतले बाष्प बाहेर पडायला वाव राहत नाही. तिथे छत्रीच बरी. छत्री यादीतून काढू नका.

काटेकोर :

कपड्यांवर पुरेसे लिहून झाले आहे, म्हणून बाकीच्या वजनाकडे वळतो. ७ किलोंपैकी २.९ किलो नुसती बॅगच खात असेल, तर सामानाला उरतात ४.१ किलो. चाके, दांडा आणि टणक कवच यांचे हे वजन आहे. ३० ते ३५ लिटरची साधी पाठपिशवी १ किलोच्या आसपास मिळते. तिला कमरपट्टा असावा आणि पिशवीच्या पाठीची लांबी आपल्या पाठीला जुळावी, म्हणजे भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. जड वस्तू तळाशी न भरता पाठीला लागून मध्यावर भराव्यात. कपडे दाबून बसवणाऱ्या चेनच्या पिशव्यांनी जागा वाचते, वजन नाही. उलट जागा दिसली की माणूस आणखी एक कपडा भरतो.

केबिनमध्ये १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतून द्रव पदार्थ न नेण्याचा नियम २००६ पासून आहे आणि तो बाटलीच्या मापाला लागू होतो, आतल्या पदार्थाला नाही. माझी जवळजवळ संपलेली १५० मिलिलिटरची टूथपेस्ट सुरक्षा तपासणीत काढून घेतली गेली. आत फार तर दोन दिवसांची पेस्ट असेल, पण नळीवर १५० छापले होते. काही विमानतळांवर नव्या स्कॅनरमुळे हा नियम सैल झाला आहे, परंतु परतीच्या विमानतळावरही तसेच असेल असे समजू नये. शाम्पूची वडी आणि साबणाची वडी नेल्यास हा प्रश्न निम्मा सुटतो. फक्त वडी वाळू द्यावी, ओलीच डबीत बंद केली तर तिचा लगदा होतो.

पॉवर बँक नेहमी केबिनमध्येच हवी. १०० वॅट-तासांपर्यंतची सर्वसाधारणपणे परवानगीविना नेता येते. २०,००० मिलिअँपिअर-तासांची असेल तर ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ती ७४ वॅट-तास भरते. विमान भरलेले असले की शेवटी चढणाऱ्यांच्या बॅगा दारातच घेऊन खाली पोटात टाकतात. त्या क्षणी पॉवर बँक, पासपोर्ट आणि औषधे बाहेर काढता यायला हवीत, म्हणून या तीन वस्तू मी एका लहान पिशवीत सर्वांत वर ठेवतो. टॅब्लेट आणि फोन यांना मिळून दोन तोंडांचा एकच चार्जर पुरतो, आपण बहुधा तीन धरले आहेत.

पायवाट :

सर्वांचे मनापासून आभार. चार्जर खरोखरच तीन निघाले.

दोन्ही जीन्स बाद केल्या आणि नायलॉनच्या दोन विजारी घेतल्या, प्रत्येकी २९० ग्रॅमच्या. टी-शर्ट सातांवरून तीनवर आले : दोन पॉलिस्टरचे आणि, ओलीसुकीताईंच्या सांगण्याप्रमाणे, एक मेरिनोचा. पॉलिस्टरचा एक काल रात्री धुऊन, टॉवेलात गुंडाळून, गुडघ्याने दाबून पाहिला आणि सकाळी सहालाच तो वाळलेला होता. मोठ्या टॉवेलऐवजी पातळ सुती पंचा घेतला आहे, तो सुरळीच्या कामालाही चालतो. मात्र दुसऱ्या टी-शर्टला तो पुरत नाही, तोपर्यंत स्वतःच ओला होतो. रेनकोट उलटा केला तर काखेजवळची पट्टी हातात आली, म्हणून नवा घ्यावा लागला. पाठपिशवीसकट आता ७ किलो ४०० ग्रॅम भरतात. सँडल ३८० ग्रॅमचे आहेत, ते यात धरलेले आहेत. बूट चामड्याचे आणि घोट्यापर्यंतचे आहेत. ते पायांत असतील. सँडल काढून टाकावेत का?

सडाफटिंग :

सँडल ठेवावेत. बूट भिजले की दुसरे काही पायांत घालायला हवेच, आणि समुद्रकाठी ६ दिवस चामड्याचे बूट घालून हिंडणे म्हणजे पायांना शिक्षा आहे. त्यापेक्षा बुटांचाच विचार करावा. आपण मळलेल्या पायवाटांनी गावोगाव फिरणार असाल आणि पाठीवर ७ किलोच असतील, तर चांगल्या पकडीचे, जाळीदार कापडाचे, धावण्याचे बूट पुरतात. ते ओले होतात तसे लवकर वाळतातही. आतून जलरोधक पडदा असलेल्या बुटांत वरून पाणी शिरले की ते दोन दिवस निघत नाही. बर्फ किंवा सुट्या दगडांचा उतार असेल तर मात्र माझे हे म्हणणे लागू नाही. जाकीट आणि फ्लीस विमानात चढताना हातात किंवा अंगावर ठेवावीत, तेवढ्याने ५०० ग्रॅम बॅगेतून उतरतील.

ओलीसुकी :

बूट बदलणार असाल तर निघण्याआधी ते निदान दोन आठवडे रोज वापरा, आणि डोंगरात घालायचे लोकरी मोजे घालूनच वापरा. मोजे तीन जोड पुरेत. उतारावर बोटे पुढे आदळत असतील तर अर्धा नंबर मोठा घ्यावा.

पायवाट :

वाट मळलेलीच आहे, बर्फ नाही. जाकीट अंगात आणि फ्लीस हातात घेऊन आज पुन्हा तोलले : ६ किलो ८५० ग्रॅम. कॅमेऱ्याची जास्तीची लेन्स ३१० ग्रॅमची आहे. तिचे काय करायचे ते अजून ठरत नाही, ती सध्या पलंगावर बाजूला ठेवली आहे.