कांदा लसूण मसाल्याच्या लेबलसाठी मराठी फॉन्ट कोणता घ्यावा? 'ल' हिंदीतला येतोय

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण वेळ काढून वाचा प्लीज. आई गेली बरीच वर्षं घरी कांदा लसूण मसाला करते, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, डंकावर कुटलेला, आत्तापर्यंत ओळखीतच जायचा, साध्या पिशवीत भरून वर स्केचपेनने नाव. आता आम्ही कऱ्हाडात एक छोटा गाळा घेतलाय त्यामुळे पाऊचचं लेबल आणि गाळ्याचा बोर्ड दोन्ही करायचंय. बाहेर डिझायनरला देण्याएवढे पैसे आत्ता नाहीत, मला इलस्ट्रेटर (डिझाइनचं सॉफ्टवेअर) बऱ्यापैकी येतं म्हणून मीच करतेय.

नाव आईच्याच नावाने आहे, त्यात श पण आहे आणि ल पण आहे. खाली 'कऱ्हाडी कांदा लसूण मसाला'. गेले आठ दिवस फॉन्टच शोधतेय. फुकटचे वीस-पंचवीस डाउनलोड केले, एकेक लावून बघितले, मला दोन-तीन आवडले पण आईला दाखवलं तर ती म्हणाली हा ल माझा नाही, मी असा ल कधी काढला नाही. मग नीट बघितलं तर खरंच तो हिंदीतला ल आहे, श पण हिंदीतला. एका फॉन्टमध्ये तर कऱ्हाडीचं कर्हाडी झालं, ह च्या डोक्यावर रफार. आणि फोटोशॉपमध्ये पेस्ट केलं की मात्रा सुट्या पडतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते.

तर फॉन्ट कोणता घेऊ, लेबलला आणि बोर्डाला एकच घेऊ का वेगळे, आणि हा ल चा प्रश्न कसा सोडवू? इंग्रजीत पण नाव टाकायचंय खाली छोटं.

अक्षरवेडा:
ताई, तुमच्या आईंचं निरीक्षण एकदम बरोबर आहे आणि हे बारीक कारण नाहीये, ल आणि श मराठीत वेगळेच आहेत. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ ला वर्णमालेचा जीआर काढला त्यातही पाकळीचा ल आणि देठाचा श हेच मराठीसाठी धरलेत. आपण शाळेत गिरवलेले तेच. पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठरावीक नंबर देणाऱ्या पद्धतीत, मराठी ल आणि हिंदी ल यांना एकच नंबर आहे, वेगळेपणा फक्त फॉन्टच्या आत ठेवलेला असतो, आणि बहुतेक फॉन्ट उघडल्यावर आधी हिंदी रूप दाखवतात. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी रूप आत असतं, फक्त सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की हा मजकूर मराठी आहे.

म्हणून इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये जाऊन इंडिक ऑप्शन्स चालू करा, मग पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, याने मात्रा सुट्या पडायचं बंद होईल. फोटोशॉपमध्येही वर्ल्ड-रेडी लेआउट असंच चालू करायचं. मग कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषा मराठी करा. तरी ल बदलला नाही तर ग्लिफ्स पॅनल उघडून ल सिलेक्ट करा, फॉन्टमध्ये दुसरा ल असेल तर तिथे दिसतो, त्यावर डबल क्लिक करा. तिथेही नसेल तर तो फॉन्ट कितीही सुंदर असला तरी तुमच्या नावासाठी सोडून द्या. ल ला हाताने पाकळी जोडत बसू नका, मी एकदा केलंय ते, जाडी जुळता जुळत नाही आणि त्या ओळीत तेवढंच एक अक्षर ठिगळासारखं दिसतं.

कऱ्हाडीचं वेगळं आहे. तिथे साधा र टाइप झालाय, म्हणून रफार आला. खाली नुक्ता असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग ह. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट जे. तसं करूनही ऱ्ह नीट आला नाही तर फॉन्टमध्ये ते जोडलेलंच नाही असं समजा.

माझी पद्धत सांगतो. फॉन्टच्या साइटवर जे नमुन्याचं वाक्य असतं ते मी बघतच नाही. माझी एक ओळ ठरलेली आहे, 'वऱ्हाडातल्या शाळेत ॲल्युमिनियमचं ताट, ज्ञान, क्षण, श्री, ट्र, द्ध, हृदय, ऑफिस', ती पेस्ट करतो आणि त्यात जो फॉन्ट पास होईल त्याचाच विचार. ॲ तर युनिकोडमध्येच २००८ ला आला, त्याआधीच्या फॉन्टमध्ये बरेचदा तिथे चौकोन दिसतो. तुम्ही तुमच्या लेबलवरचे सगळे शब्द पेस्ट करून बघा, अगदी 'निव्वळ वजन' आणि पत्त्यासकट.

नावांचं विचाराल तर मराठी रूपाची खात्रीच हवी असेल तर तिरो देवनागरी मराठी. त्यांनी हिंदी, मराठी, संस्कृत असे तीन वेगळेच फॉन्ट काढलेत, त्यामुळे भाषेचं सेटिंग करायचीही गरज नाही. पण तो पुस्तकी आहे, वाचायला फार गोड, मसाल्याच्या पाऊचवर मोठ्या नावासाठी मला थोडा शांत वाटेल. ठसठशीत हवं असेल तर मुंबईच्या एक टाइप या गटाचे फॉन्ट बघा, बालू आणि मुक्ता. मुक्ताची सात वजनं आहेत, एकदम बारीकपासून एकदम जाडपर्यंत, म्हणजे एका फॉन्टमध्ये पूर्ण लेबल होऊ शकतं. दोघांतही इंग्रजी अक्षरं त्याच हाताची आहेत, त्यामुळे खालच्या छोट्या इंग्रजी नावासाठी वेगळा फॉन्ट शोधायला नको.

पिंपरीची_पूजा:
मला वाटतं घरगुती मसाला आहे तर हाताने लिहिल्यासारखा फॉन्ट घ्यावा, कलम वगैरे. बघितल्या बघितल्या घरचं वाटतं. मी माझ्या लोणच्यांना तोच वापरते आणि लोक विचारतात कुणी लिहिलं म्हणून. बाकी सगळे जाड जाड फॉन्ट मोठ्या कंपन्यांसारखे दिसतात.

शाईचे_हात:
पूजाताई, कलम छान आहे, पण मला वाटतं तुमची लोणच्याची बरणी काचेची असेल आणि लेबल कागदाचं, बरोबर? पाऊचचं गणित वेगळं आहे. मी तीस वर्षं डीटीपी आणि छपाईत काढली म्हणून सांगतो.

कृष्णाकाठची, तुम्ही लेबल स्क्रीनवर अख्खा स्क्रीन भरून बघताय, गिऱ्हाईक ते हातभर लांबून तळहाताएवढं बघणार. देवनागरीत एका अक्षराच्या पोटात किती मोकळ्या जागा असतात बघा, क ची दोन पोटं, श ची गाठ, ळ चे दोन डोळे, ष्ट, क्ष. शाई थोडी पसरतेच, प्लॅस्टिकवर तर जास्त, आणि या जागा भरून येतात. त्यात लाल किंवा मिरची रंगावर पांढरी अक्षरं ठेवलीत तर उलटं होतं, आजूबाजूचा रंग अक्षराच्या आत शिरतो आणि बारीक रेघा गायब. म्हणून बारीक मजकुराला ज्याच्या रेघा सगळीकडे साधारण सारख्या जाडीच्या आहेत असा फॉन्ट घ्या, मुक्ता रेग्युलर किंवा मीडियम, हिंद पण चालेल, आणि ८ पॉइंटच्या खाली शक्यतो जाऊ नका. जाड-बारीक रेघांचा फॉन्ट फक्त मोठ्या नावाला. आणि बारीक मजकुराला उलटी पांढरी अक्षरं नकोतच, फिकट पट्टी करा आणि त्यावर गडद अक्षरं.

ओळींमधलं अंतर सुद्धा इंग्रजीच्या हिशोबाने ठेवू नका. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, ते एकमेकांत अडकतात. 'कृती' च्या खाली 'र्मी' आला की बघा काय होतं. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, इंग्रजीत शब्द ऐसपैस करायला अंतर टाकतात तसं इथे केलं की शिरोरेषा तुटते, आणि शिरोरेषा तुटली की शब्द संपला.

अजून एक, नावाला बाहेरून बॉर्डर द्यायची असेल तर आधी अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचे आकार करून) पाथफाइंडरने युनाइट करा, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच आकार होतो. नाहीतर प्रत्येक अक्षराची बॉर्डर वेगळी पडते आणि शिरोरेषेवर जोडाजोडाला उभ्या रेघा दिसतात. गल्लोगल्लीच्या फ्लेक्सवर हे बघून माझा जीव तुटतो. प्रेसला फाइल पाठवताना कर्व्ह करूनच पाठवा, पण मूळ टाइप केलेली फाइल जपून ठेवा, उद्या किंमत बदलली की तीच लागेल.

आणि प्रेसवाला म्हणाला की आमच्याकडे श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) करतो तर घाबरू नका, श्रीलिपीत उत्तम अक्षरं आहेत, आमची उभी हयात त्यावर गेली. फक्त जुन्या फॉन्टमधलं टायपिंग युनिकोड नसतं, तो मजकूर तुमच्या कॉम्प्युटरवर उघडलात तर इंग्रजी चिन्हांचा काला दिसतो, परत सगळं टाइप करावं लागतं किंवा कन्व्हर्टर लावून एकेक शब्द तपासावा लागतो.

जाता जाता, पाऊचवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत लागते, मराठी त्याच्या जोडीला टाकता येतं. म्हणजे मागच्या बाजूला दोन भाषा बसवायची जागा आत्ताच धरा, नंतर फॉन्ट बारीक करत बसाल.

रंगाऱ्याचा_मुलगा:
बोर्डाबद्दल मी बोलतो. माझे वडील पाट्या रंगवायचे, सांगली-मिरज भागातल्या कितीतरी दुकानांवर त्यांचा हात होता, आता बहुतेक ठिकाणी फ्लेक्स लागलेत. ते पत्र्यावर आधी खडू लावलेली दोरी ताणून शिरोरेषा मारायचे, मग नाव बोटाने हवेत एकदा लिहून बघायचे, किती जागा लागते ते, आणि मगच ब्रश. फॉन्टला ही सोय नाही, फॉन्टमधला ल प्रत्येक नावात तोच असतो, वडील मात्र शेजारी कोण आहे बघून ल ची पाकळी लहानमोठी करायचे.

म्हणून माझं म्हणणं, आईंचं जे नाव आहे, दोन-तीन अक्षरंच असतील, तेवढं हाताने काढून घ्या. अक्षरं काढणारा कुणी मिळाला तर त्याच्याकडून, नाहीतर तुम्ही स्वतः कट निबने पन्नास वेळा लिहा, त्यातलं एक स्कॅन करून ट्रेस करा. बाकीचं सगळं फॉन्टमध्ये. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं आठवा, नाव वाचायच्या आधीच नाटक कसलं ते कळायचं. एवढं आपल्याला जमणार नाही पण दिशा तीच. आणि लेबलवर, बोर्डावर, पिशवीवर नाव तेच राहील म्हणजे 'एकच फॉन्ट का वेगळे' हा प्रश्नच उरत नाही.

फॉन्टच हवा असेल आणि रंगवलेल्या पाटीचा बाज हवा असेल तर यात्रा वन लावून बघा, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय. एकच वजन आहे, मोठ्या नावालाच वापरा, आणि वर अक्षरवेडांनी सांगितलं तसं ल आणि श आधी तपासा. मोदक नावाचा पण एक आहे, फार जाड आणि गोल, मला प्रचंड आवडतो पण तो मिठाईवाल्याला शोभेल, कांदा लसूणला त्याची गोलाई पटत नाही. तिखटाला अक्षरात कुठेतरी धार पाहिजे, ब्रशचा तिरका काप पाहिजे.

बोर्डाला कायद्याचं पण बघा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी बोर्ड सक्तीचा आहे, आणि मराठी अक्षरं बाकी भाषांपेक्षा लहान चालत नाहीत. इथे लोक फसतात. दोन्हीला सारखाच पॉइंट साइज दिला तरी इंग्रजी कॅपिटलमध्ये असेल तर बहुतेक वेळा मराठी बारकं दिसतं, कारण शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची कॅपिटलच्या उंचीपेक्षा कमी भरते. पॉइंट बघू नका, प्रिंटवर पट्टी ठेवून मोजा.

कृष्णाकाठची:
बापरे, एवढं सगळं लिहिलंत, खूप खूप आभार सगळ्यांचे. तीन दिवसांनी अपडेट देतेय. भाषा मराठी केल्यावर ल आणि श खरंच बदलले, मी अक्षरशः ओरडले घरात. मला सगळ्यात आवडलेल्या फॉन्टमध्ये मात्र ग्लिफ्समध्ये पण मराठी ल नव्हता, वाईट वाटलं पण सोडला.

नावासाठी दादांचं ऐकलं. कट निबने मी लिहून बघितलं, ठीक होतं, मग आईलाच दिला पेन. ती आधी नाहीच म्हणत होती, माझं अक्षर कुठे चांगलंय म्हणून, मग बसली आणि तीन पानं भरून स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या पानावरचं एक घेतलंय. त्यात श चा देठ जरा वाकडा आहे, तो तसाच ठेवलाय. 'कऱ्हाडी कांदा लसूण मसाला' मुक्ता एक्स्ट्राबोल्डमध्ये, मागचा मजकूर मुक्ता मीडियम ८ पॉइंट, फिकट पिवळ्या पट्टीवर गडद तपकिरी. इंग्रजी नाव पण त्यातच. पूजाताई, घरचं वाटावं हे तुमचं म्हणणं मला पटलेलंच होतं, ते आता आईच्या अक्षरातून आलं.

एकच विचारायचं राहिलं, लायसन्सचं काही बघावं लागतं का? मुक्ता गूगल फॉन्ट्सवरून घेतलाय.

अक्षरवेडा:
काही काळजी नाही. मुक्ताला ओपन फॉन्ट लायसन्स आहे, विक्रीच्या मालावर, बोर्डावर, कुठेही वापरा, पैसे नाहीत, फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे 'पाचशे मराठी फॉन्ट' असले झिप मात्र धंद्याला वापरू नका, त्यात कुणाचे काय कळत नाही.

शाईचे_हात:
छापायला टाकण्याआधी एक करा. साध्या प्रिंटरवर खऱ्या मापात लेबल काढा, मसाला भरलेल्या पाऊचवर चिकटवा आणि संध्याकाळी गाळ्यातल्या ट्यूबच्या उजेडात फळीवर ठेवून गिऱ्हाईक उभं राहतं तिथून बघा. पाऊच भरला की मध्ये फुगतो, कडेची अक्षरं वळून मागे जातात. नाव कडेपासून निदान बोटभर आत पाहिजे.

कृष्णाकाठची:
काका आत्ताच केलं. 'मसाला' मधला शेवटचा काना खरंच मागे जात होता. साइज थोडा कमी केला आणि दोन ओळींत तोडलं, वर 'कऱ्हाडी', खाली 'कांदा लसूण मसाला'. उद्या सकाळी फाइल देतेय.