मदत हवी आहे: बाबांना घेऊन डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरी एक रात्र – राजमाची की रायरेश्वर?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारसाठी ठिकाण ठरवायचं आहे आणि मी दोन नावांपाशी अडकले आहे. कोथरूडहून आम्ही चौघं निघणार: मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि माझे बाबा. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. आठवड्यातून दोनदा पर्वती चढतात. त्या १०३ पायऱ्या चढताना त्यांना दम लागत नाही, पण उतरताना उजवा गुडघा बोलायला लागतो. मग कठड्याला हात लावून एकेक पायरी.

हवंय ते असं: बेताची पायवाट, डोंगरातलं नांदतं शेतीचं गाव, रात्री कुणाच्या तरी घरात ओसरीवर अंथरूण. तंबू नको. रिसॉर्ट तर नकोच. गेल्या वर्षी एका कृषी पर्यटन केंद्रावर गेलो होतो. ट्रॅक्टरची फेरी, रेन डान्स, मोठमोठ्याने गाणी. बाबा दिवसभर एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. तक्रारीचा शब्द काढला नाही त्यांनी, पण मला फार वाईट वाटलं.

आमचं मूळ गाव कोयना धरणात गेलं. पाणी चढलं तेव्हा बाबा सात वर्षांचे होते. त्यामुळे ‘चला, गावी जाऊन येऊ’ असं आमच्यात कधी म्हणताच आलं नाही. परवा मी दुकानातून नाचणीचं पाकीट आणलं. बाबांनी मूठभर दाणे तळहातावर घेतले, अंगठ्याने चोळले, हलकी फुंकर मारली आणि कोंडा किती उडतो ते बघत राहिले. मग लेकीला सांगायला लागले, कणसं कापून आणली की लगेच झोडपायची नाहीत, ढीग करून चार दिवस दडपून ठेवायची, म्हणजे दाणा सुटतो. मळणीच्या रात्री खळ्यावरच झोपायचं. तेवढं सांगून झाल्यावर लेकीने विचारलं, ‘आजोबा, खळं म्हणजे काय?’ तेव्हाच ठरवलं की यांना न्यायचंच.

राजमाचीला मी कॉलेजात असताना गेले आहे. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या धरणावरून किल्ल्याखालच्या उधेवाडी गावापर्यंत १५-१६ किलोमीटर. वाट बरीचशी सपाट आहे, पण एवढं अंतर बाबांना एका दिवसात झेपेल असं वाटत नाही. गावात घरोघरी राहायची-जेवायची सोय होते हे माहीत आहे.

रायरेश्वर मी पाहिलेला नाही. भोरहून कोर्ल्याच्या वर, केंजळगडाजवळच्या खिंडीपर्यंत गाडी जाते आणि पुढे चढ थोडाच आहे असं कळलं. पण मध्ये लोखंडी शिडी आहे. माझी सगळी भीती त्या शिडीची.

अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा:

शिडी उतरताना गुडघ्यावर किती भार येतो? दोन्हीकडे कमोड आहे का, की घरमालकांना आधी फोन करून विचारावं? आणि थोडं संकोचाने विचारते: शेतात काही काम चालू असेल तर बाबांनी हात लावलेला घरच्यांना चालेल का? पाहुणा म्हणून नुसतं बसवून ठेवलं तर ते पुन्हा खुर्चीतच बसतील.

प्रतिसाद १

ताई, रायरेश्वरच करा. मी चार वेळा गेलो आहे. पठारावर जंगमांची वस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच शेती करतात. नाचणी होते, हिवाळ्यात गहू असतो, डिसेंबरात तो हिरवागार दिसेल. तिथल्या शेतकऱ्यांनी मध्यंतरी अख्खा ट्रॅक्टर सुटा करून भाग-भाग डोक्या-खांद्यावरून वर नेला आणि पठारावर पुन्हा जोडला, यावरून माणसं ओळखा. महादेवाचं देऊळ वस्तीजवळच आहे. १६४५ साली शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली ती इथे, असं परंपरेने मानतात.

शिडीला धरायला कठडा आहे. उतरताना काकांना तोंड शिडीकडे करून, पाठमोरं उतरायला सांगा. गुडघा सरळ खाली आपटत नाही आणि भार हातांवर जातो. तुमच्या मिस्टरांनी एक पायरी खाली राहायचं. सामान काकांच्या पाठीवर अजिबात नको. वर वारा बोचरा असतो, घरचे गोधड्या देतात तरी कानटोपी आणि एक जाड शाल असू द्या.

कामाचं म्हणाल तर संकोच सोडा. पोहोचल्यावर काकांना घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसवा आणि तुम्ही बाजूला व्हा. बाकीचं ते दोघं बघतील.

प्रतिसाद २

माझ्या आईचे दोन्ही गुडघे दुखतात, म्हणून दुसरी बाजू मांडते. पावसाळा संपला की लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत कच्च्या रस्त्याने जीप जाते. आम्ही आईला जीपने गावाच्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे उतरवलं आणि तिथून सावकाश चालत नेलं. तिला चालल्याचं समाधान मिळालं आणि त्रासही झाला नाही. संध्याकाळी उदयसागर तळ्यावर गेलो. काठाजवळचं महादेवाचं जुनं देऊळ तिला इतकं आवडलं की अंधार पडेपर्यंत उठेना. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले आम्ही खालूनच पाहिले.

कमोडचं आधी फोनवर विचारा, संकोच करू नका. आम्ही घडीचा कमोड स्टूल भाड्याने घेऊन जीपमध्ये टाकला होता. शिडीवरून तो न्यायचा म्हणजे एक माणूस त्यातच अडकणार, याचा विचार करा. आणि घरच्या बाईंना स्वयंपाकाला वेळ लागतो, सगळं चुलीवर असतं. जेवायला किती माणसं, कोण तिखट खात नाही, हे आदल्या दिवशीच कळवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. कमोड स्टूल माझ्या डोक्यातच आला नव्हता. आज चहाच्या वेळी दोन्ही प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. शिडीचं ऐकून ते काहीच बोलले नाहीत. ट्रॅक्टरचा मजकूर मात्र पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, ‘गहू असतो म्हणजे नाचणी तोवर निघालेली असणार. मळणी उरकते का गं त्यांची तोपर्यंत?’

म्हणजे रायरेश्वरच. रविवारपासून पर्वती पाठमोरी उतरायचा सराव करतो म्हणाले, तो विचार मी लगेच मोडून काढला. घराच्या माळ्यावरच्या शिडीवर, नवऱ्याला खाली उभं करून, करू म्हटलं.

प्रतिसाद १ वाल्या दादा, आता एवढंच सांगा: रायरेश्वरावर नाचणीची मळणी साधारण कधी असते? डिसेंबरात उरकली असेल तर आम्ही नोव्हेंबरातच येतो. मी रजा टाकेन.