आधी कड राखा, मग सॅक

अमेरिकन फुटबॉलमध्ये एजवरच्या, म्हणजे बचावफळीच्या कडेच्या, खेळाडूने सॅकसाठी (चाल चालवणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडण्यासाठी) सरळ आत घुसावं, हे मत मला अजिबात पटत नाही. १२ जानेवारी २०१३ चा ग्रीन बे-सॅन फ्रान्सिस्को प्लेऑफ सामना आठवा. तिसरं क्वार्टर, २४-२४ बरोबरी. झोन रीड नावाच्या चालीत एजवाल्याला मुद्दामच कुणी अडवत नाही. तो कुठे वळतो ते बघून क्वार्टरबॅक ठरवतो, चेंडू शेजारच्या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्याला) द्यायचा की स्वतः पळायचं. ग्रीन बे पॅकर्सचा एजवरचा लाइनबॅकर रनिंग बॅकच्या मागे आत धावला. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक कॅपरनिकने चेंडू स्वतःकडेच ठेवला, बाहेरची बाजू मोकळी, ५६ यार्ड पळत टचडाउन! त्या रात्री तो एकटा १८१ यार्ड धावला. क्वार्टरबॅकला रोखायची जबाबदारी आपल्यावर असेल, तर खांदे समोर ठेवायचे, पाय हलते ठेवायचे आणि त्याच्या हातून चेंडू गेलेला दिसेपर्यंत आत वळायचंच नाही. आकडेवारीत हे कधी दिसत नाही, पण मी आधी तेच बघतो.