दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर: काय जमतं, काय फसतं? अनुभव लिहा (नागपूर)

संत्रानगरी
बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) संत्र्यांचे ठेले लागले की दहावीचे ग्रुप खडबडून जागे होतात. "यंदा भेटूच" ठरतं अन् संक्रांतीनंतर परत नुसते गुड मॉर्निंग. मेनू अन् हॉलवर आधी भांडण होतं, माणसं मोजायचं राहून जातं. म्हणून धागा यादीपासून सुरू करतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरवर फार विसंबू नका. त्यात नोंदी प्रवेशाच्या वर्षाप्रमाणे असतात. कोणी पाचवीत आलेलं, कोणी आठवीत, त्यामुळे दहावीची बॅच एका जागी सापडत नाही. त्या वर्षीचा हजेरीपट किंवा बोर्डाच्या निकालाची शाळेकडची प्रत मागा. झेरॉक्स बहुधा देत नाहीत, देऊही नये. बाबूंना नावं वाचायला सांगा, तुम्ही लिहून घ्या.

शीटमध्ये रकाने: शाळेतलं नाव, आताचं नाव, तुकडी, गाव, मोबाइल, आणि "निरोप कोणी दिला". हा शेवटचा नसला की एकाला चार फोन जातात आणि दुसऱ्याला एकही नाही. तो दुसरा मग आयुष्यभर बोलत नाही.

महालवाली
मुलींचं लिहायचं राहिलं की! आडनाव बदलतं, काहींचं नावही. फेसबुकवर शोधून काही होत नाही. रस्ता माहेरावरून जातो. जुन्या मोहल्ल्यातला किराणावाला, पिठाची चक्की, तिथून भावाचा नंबर, भावाकडून तिचा. हे काम तीन-चार बायांकडेच द्या. अनोळखी पुरुषाचा फोन आला की घरचे आधी चौकशी करतात, मग फोन ठेवतात. आणि विचारल्याशिवाय ग्रुपात घालू नका, नंबर एकदम ऐंशी जणांकडे जातो. लिंक पाठवा, यायचं ते येतील. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

तर्री_एक्स्ट्रा
यादी गिदी ठीक आहे, नाश्त्याचं बोला राजेहो

६० माणसांना जाडे पोहे साडेतीन किलो. तर्रीला (पोह्यांवरचा हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) हरभरे दोन किलो, रात्रीच भिजवायचे, आठ-दहा तास. सगळे पोहे एकदम भिजवू नका!! दहाची वेळ दिली की पोट्टे अकराला येतात, तोवर पोह्यांचा भुगा होतो. दोन घाणे करा, दुसरा माणसं दिसल्यावर. तर्री मात्र एकदमच करा, मुरली की चांगलीच लागते. तर्री वेगळ्या भांड्यात, आपल्या हाताने घ्यायची. बाहेरगावी राहिलेल्यांची जीभ सपक झालेली असते.

सदाशिवपेठी
आमच्या नागपूरच्या जाऊबाईंनी अशाच कार्यक्रमाचा मेनू पाठवलाय, त्यात सांबारवडी आहे. इडलीबरोबरच्या सांबाराची वडी करतात का?

तर्री_एक्स्ट्रा
😂😂 ताई, सांबार म्हणजे कोथिंबीर. पुडाची वडी म्हणतात तीच.

महालवाली
आणि ती ६० जणांना घरी करायच्या भानगडीत पडू नका. सांबार धुऊन पूर्ण कोरडा झाला नाही तर सारणाला पाणी सुटतं, पारी ओली होते अन् वडी तेलात फुटते. एक वडी फुटली की अख्खं तेल खराब. त्यापेक्षा वडाभात करा. तांदूळ सहा किलो, मिश्र डाळी तीन किलो. डाळी चार-पाच तास भिजवून भरडच वाटायच्या, बारीक वाटल्या तर वडा चिवट होतो, भातावर कुस्करत नाही. वरून घ्यायचं हिंग-लाल मिरचीचं तेल सव्वा लिटर धरा. ते गरम पाहिजे, गार तेलाचा वडाभात कोणीच दुसऱ्यांदा मागत नाही. कढी नऊ-दहा लिटर.

बर्डी_ते_बोस्टन
तारखेबद्दल. परदेशातले येतात नाताळच्या सुटीत, म्हणजे २० डिसेंबर ते ५ जानेवारी. पण डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेवढे दिवस सिव्हिल लाइन्स, सदर, बर्डीच्या हॉटेलांत खोली मिळणं मुश्कील. अधिवेशन उठल्यावरचा शनिवार धरा. पौषात सहसा लग्नं नसतात, तेव्हा लॉन मोकळे असतात आणि भावात घासाघीस चालते. पौष दर वर्षी सरकतो, कॅलेंडर बघून ठरवा.

संध्याकाळचा कार्यक्रम लॉनवर नकोच. रात्री पारा दहाच्या खाली जातो, सगळे शेकोटीभोवती जमतात आणि माइकवर बोलणारा एकटाच उरतो. सकाळी १० ते ४ बेस्ट. उन्हाळ्यात सुट्या असतात म्हणून मे सुचवणाऱ्याला ४५ डिग्रीत गेटवर स्वागताला उभं करा.

तारीख विचारताना पर्याय दोनच द्या. सहा दिले की मतं फुटतात.

कॉटनमार्केट
हुर्डा पार्टी कोणी करून राहिलं का यंदा? काटोलकडे

फ्लेक्सवाले_भाऊ
वर्गाचा जुना फोटो बॅनरवर पाहिजे असतो सगळ्यांना. मोबाइलवर काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात. साध्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १० फुटी फ्लेक्सवर ते इंचाला तेरा-चौदा ठिपके झाले. मागच्या रांगेतल्यांना नाक-डोळे राहत नाहीत.

८×६ इंची फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, ४८०० × ३६०० मिळतो. तो इंचाला ४० पडतो, दहा-बारा फुटांवरून चेहरे ओळखू येतात. पाठवताना "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, चेहऱ्यांचा थर काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा.

मराठी मजकूर पीडीएफमध्येच द्या. नुसता टाइप करून पाठवला की दुकानातल्या जुन्या फाँटमध्ये जोडाक्षरं फुटतात, "र्‍ह" अन् "श्र" हमखास. आणि छापायच्या आधी नावं दोघांनी वाचा.

निवृत्त_मास्तर
छापायच्या नावांवरून. श्रद्धांजलीच्या यादीतलं प्रत्येक नाव दोन वेगवेगळ्या माणसांकडून पक्कं करा, त्यातला एक घरचा असावा. "कोणीतरी म्हणत होतं" एवढ्यावर नाव टाकायचं नाही. हयात माणूस त्या फळ्यावर दिसला तर त्याची माफी कशी मागणार?

शिक्षकांसाठी: गाडी पाठवा, पत्ता नको. पायऱ्या असलेलं स्टेज नको, पहिल्या रांगेत हाताच्या खुर्च्या ठेवा, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवं. शाल-श्रीफळ पहिल्या अर्ध्या तासात उरका. आणि समोर येऊन "सर, ओळखलं का?" विचारू नका. चाळीस वर्षांत हजारो पोरं हाताखालून जातात. आपलं नाव, तुकडी, कोणत्या साली, हे आपणच सांगावं. छातीवर शाळेतल्या नावाची चिठ्ठी असली की सगळ्यांचीच अडचण मिटते. अक्षर मोठं काढा, चष्मे सगळ्यांनाच लागलेत.

महालवाली
सर 🙏 चिठ्ठीवर मुलींचं माहेरचंच आडनाव लिहायचं.

हिशेबनीस
पैशांचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. "भरले" म्हणून आलेला स्क्रीनशॉट पावती समजू नका. यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक खात्याशी जुळवायचा, मग शीटमध्ये टिक. नोटमध्ये नाव आणि तुकडी लिहायला सांगा, बायकोच्या किंवा मुलाच्या खात्यातून आलेले पैसे ओळखू येत नाहीत.

कोणी किती भरले ही यादी ग्रुपात टाकू नका. एकदा टाकली की चार-पाच जण गुपचूप "त्या दिवशी गावाला जातोय" म्हणतात, आणि कोणी कारण विचारत नाही. वर्गणी शक्य तितकी कमी ठेवा. ज्यांना जास्त द्यायचे त्यांचे पैसे बिननावाने जमा धरा. ज्याला जमत नाही त्याने फक्त हिशेबनिसाला सांगायचं, तिसऱ्याला नाही.

शाळेला देणगी द्यायची तर संस्थेच्या नावाने चेक. २,००० रुपयांच्या वर रोख दिली की देणगीवरची आयकराची सवलत जाते. पावती त्याच दिवशी मागा.

कॉटनमार्केट
हुर्ड्याचं कोणी बोलून नाही राहिलं

तर्री_एक्स्ट्रा
थांब ना बे. पन्नासच्या वर माणसं असली तर हुर्डा भाजून पुरत नाही. गरम असतानाच चोळून काढावा लागतो, हात भाजतात अन् रांग सरकत नाही. बारा-पंधरा जणांत कर.

बर्डी_ते_बोस्टन
परत जाताना पाहुण्यांना संत्री द्यायची तर कोणती घ्यावी?

संत्रानगरी
हाताला जड लागणारी, साल घट्ट चिकटलेली. फुगीर साल असली तर आत पोचट निघतं. थोडी हिरवी झाक चालते, प्रवासात टिकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, घाम सुटून सडतात. भोकं पाडलेला खोका घ्या. संत्रा बर्फी द्यायची तर ती खव्याची असते, निघायच्या दिवशीच घ्या.

सदाशिवपेठी
सांबारवडी प्रवासात टिकते का?

महालवाली
त्या दिवशीपुरती. पण डब्यात गरम भरू नका, मऊ पडते.