ऑफिसच्या ईपीएबीएक्ससाठी स्वतंत्र अर्थिंग घ्यावे का?

धागाकर्ता
आमच्या कार्यालयात ४ बाहेरच्या लाइन आणि २४ एक्स्टेन्शन यांचा ईपीएबीएक्स (कार्यालयातले छोटे टेलिफोन एक्सचेंज) बसवायचा आहे. यंत्राच्या पुस्तिकेत अर्थिंगचा रोध १ ओहमपेक्षा कमी असावा असे म्हटले आहे. बसवणारा तंत्रज्ञ मात्र सॉकेटमधले अर्थिंग पुरेसे आहे असे सांगतो. जागा भाड्याची असून तिसऱ्या मजल्यावर आहे, खड्डा खणण्याची परवानगी नाही आणि मंजूर रक्कम वायर व मजुरी यांपुरतीच आहे. काय करावे?

पॅनेलवाला
दोन स्वतंत्र केमिकल अर्थिंग घ्यावेत, त्यात काटकसर करू नये. मी तांब्याचे इलेक्ट्रोड टाकून घेतले, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरले, आणि आजतागायत यंत्राचे एकही कार्ड (सर्किटची पाटी) बदलावे लागलेले नाही.

जुना लाइनमन
खड्डा खणता येणार नाही, हे त्यांनी आधीच लिहिले आहे. शिवाय वेगळा खड्डा घेतला तरी तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडलाच पाहिजे. एके ठिकाणी टेलिफोनचे अर्थिंग ‘स्वच्छ’ राहावे म्हणून मी ते विजेच्या अर्थिंगपासून मुद्दाम तोडून ठेवले होते. जवळच वीज पडली, दोन अर्थिंगांचा विद्युतदाब क्षणभर वेगवेगळा झाला आणि त्या फरकाने वाट काढली ती ईपीएबीएक्सच्या पोटातून. झाकण उघडले तेव्हा ट्रंक कार्डावरच्या (बाहेरच्या लाइन येतात त्या कार्डावरच्या) तांब्याच्या रेघा उडालेल्या होत्या आणि मागच्या पत्र्यावर तळहाताएवढी काजळी धरली होती. भरपाई माझ्या बिलातून कापली गेली.

हिशेबनीस
आम्हीही स्वतंत्र खड्डाच घेतला होता, तोही कोळसा-मिठाचा. मिठाने जीआय पाइप गंजला, ही गोष्ट वेगळी; पण खड्डा घ्यावाच.

दिव्याने तपासणारा
एवढा खटाटोप कशाला? फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये १०० वॅटचा दिवा लावून पाहावा. तो लख्ख पेटला की अर्थिंग उत्तम, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

जुना लाइनमन
या चाचणीवर विसंबू नये. २३० व्होल्टवर १०० वॅटच्या पेटलेल्या दिव्याचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो, त्यामुळे अर्थिंगमध्ये २० ओहम असले तरी दिवा जवळपास तितकाच लख्ख दिसतो. आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्यास तो ताबडतोब पडेल, हे निराळेच. जमिनीत दोन खुंट्या ठोकून अर्थ टेस्टरने घेतलेला आकडाच खरा मानावा. इमारतीच्या व्यवस्थापनाकडे आधीच्या मोजणीचा अहवाल असेल तर तो प्रथम मागवावा.

एमडीएफवाली
सगळे ओहमवर अडले आहेत, पण वायरच्या लांबीबद्दल कोणीच बोलत नाही. बाहेरून येणाऱ्या लाइनच्या एमडीएफवर (लाइन जिथे जोडतात त्या मुख्य चौकटीवर) गॅस ट्यूबचे प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा जादा दाब अर्थिंगमध्ये सोडणारे भाग, असतात आणि त्यांचे अर्थिंग जितके आखूड व सरळ तितका त्यांचा उपयोग. सरळ वायरचे इंडक्टन्स (प्रवाहातल्या अचानक बदलाला होणारा विरोध) दर मीटरला ढोबळमानाने १ मायक्रोहेन्री असते. विजेचा झोत मायक्रोसेकंदाला १ किलोअँपिअर या वेगाने वाढला, तर एका मीटरवर १००० व्होल्ट उभे राहतात. तेव्हा रोध शून्य असला तरी वीस मीटरची वायर काय करील, याचा हिशेब करावा. उरलेल्या वायरचे वेटोळे करून खिळ्याला टांगणे तर सर्वांत वाईट. मी ते अनेक ठिकाणी पाहिले आहे. पाण्याच्या नळालाही जोडू नये, कारण मध्ये कुठे प्लास्टिकचा तुकडा घातला असेल ते दिसत नाही.

पॅनेलवाला
माझ्याकडे ईपीएबीएक्सच्या वीजपुरवठ्याचा पॉझिटिव्ह अर्थिंगला आहे आणि निगेटिव्ह ४८ व्होल्ट आहे. हे उलटे तर जोडले गेले नाही ना?

एमडीएफवाली
नाही. टेलिफोनमध्ये पॉझिटिव्हच अर्थिंगला घेतात, म्हणजे ओल लागलेल्या केबलमधले तांबे झिजत नाही. पण हा या धाग्याचा प्रश्न नव्हे.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. अहवाल मिळाला, तळमजल्यावरच्या मुख्य अर्थ बसबारचा (अर्थिंगच्या वायर जिथे एकत्र जोडतात त्या पट्टीचा) आकडा ०.८ ओहम आहे. म्हणून अर्थिंग तिसऱ्या मजल्यापर्यंत वर आणण्याऐवजी एमडीएफ आणि ईपीएबीएक्स हे दोन्ही खाली पॅनेलच्या खोलीत, बसबारपासून दीड मीटरवर बसवायचे आणि वर केवळ एक्स्टेन्शनची केबल न्यायची, असे ठरवले आहे. व्यवस्थापनाने होकार दिला आहे.

जुना लाइनमन
पॅनेलच्या खोलीत धूळ आणि उष्णता असते, कार्डे तिथे टिकत नाहीत. मी तरी असे केले नसते.

धागाकर्ता
खोलीला झरोका आहे. उद्या काम सुरू होत आहे.